पत्रांचा सोमवार

पाकीट फोडलं मीच आणि वाचलंही मीच, तेव्हा दोष द्यायचा तर माझ्याच आवाजाला द्यायला हवा. आमच्या बेटावरच्या चर्चमध्ये, म्हणजे आमच्या मंडळीत, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दुकानं बंद झाली की, परदेशी गेलेल्या पाळकांची आणि मिशनऱ्यांची पत्रं वाचली जातात. व्यासपीठाखाली मेज, मेजावर वेताची टोपली, टोपलीत बंद पाकिटं आणि टोपलीशेजारी मी. पाकिटं बंदच हवीत, हा नियम. गोऱ्या कातडीचे सुपरिंटेंडंट होते त्या काळी पत्रं थेट त्यांच्या कपाटात जात, आणि मंडळीला जेवढं झेपेल असं त्यांना वाटे तेवढंच आमच्या कानांवर येई. पुढे आपल्यातला पहिला काळा माणूस त्या खुर्चीवर बसला तेव्हा वडीलमंडळानं अट घातली की समुद्रापलीकडून बिशपला आलेलं पत्र सगळ्यांसमोर फुटेल आणि सगळ्यांसमोर वाचलं जाईल, पहिल्या शब्दापासून शेवटच्या आमेनपर्यंत. खुर्चीवर कुणीही असो, वाचायचं काम त्याच्या बायकोचं. माझे यजमान बिशप लेमुएल डेकर्स पहिल्या बाकावर डोळे मिटून ऐकत बसतात. मंडळीपासून लपवावं असं माझ्याकडे काही नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य आहे. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, ही माझी पात्रता.

त्या ऑक्टोबरात तिसरं पाकीट ओलिव्ह हिबर्टचं निघालं. ओलिव्ह म्हणजे टांगानिकातल्या आमच्या पाळकाची बायको, तिकडे दवाखाना चालवते. जूनमध्ये तिचा चार वर्षांचा मुलगा तापानं गेला, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं, त्यामुळे बायकांनी रुमाल आधीच काढून ठेवले होते. मी वाचू लागले. दवाखान्याचं छप्पर झालं, औषधांच्या पेट्या पोचल्या, हिबर्टांचा खोकला कमी आहे. आणि त्याच दमात, न अडखळता, मी वाचलं : ‘बिशप, तुमचं पत्र मी उशाखाली ठेवते. तुम्ही बोटीचं टपाल टाकायला निघालात तेव्हा तुमच्या लुनेटला बरोबर नेलंत, आणि तिनं विचारलं, पपा, मला पाठवायचं तर किती तिकिटं लागतील? तुम्ही तिच्या कपाळावर एक तिकीट चिकटवलंत. ती दुपारभर तशीच बंदरावर मिरवली, आणि आई रागावेल म्हणून घरी येण्याआधी नळावर कपाळ धुऊन आली. हे वाचल्यापासून मला माझा केलेब पुन्हा हसताना दिसतो.’

“हो, प्रभू!” वडीलमंडळातले ब्रदर फेसी म्हणाले.

“हो, बापा! वाचा, सिस्टर डेकर्स!” मागून कुणीतरी हुंदक्यातून म्हणालं.

मी वाचत राहिले. छप्पर, पेट्या, शेळी व्याली, सर्वांना सलाम, आमेन. तोंड चालू होतं आणि मी कुठेतरी मागे राहिले होते, गाडी सुटल्यावर फलाटावर सामान घेऊन उभं राहावं तशी. लुनेट माझी मुलगी. सहा वर्षांची असताना घटसर्पानं गेली, त्याला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत तिच्या बापानं घरात तिचं नाव एकदाही घेतलेलं नाही. आणि कपाळावरच्या तिकिटाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझ्या मुलीची गोष्ट मी टांगानिकाहून ऐकली, तीही माझ्याच तोंडून, दोनशे माणसांच्या सोबतीनं.

घरी आल्यावर मी नीरफणस भाजला, खारा मासा परतला, ताट वाढलं. ते प्रार्थना करून जेवायला बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, आता बोलतील. आता तरी बोलावंच लागेल.

“ओलिव्हचं पत्र चांगलं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“छप्पर झालं ते एक बरं झालं. तिकडे नोव्हेंबरात पाऊस लागतो.”

“आपल्या मागच्या खोलीचं ईस्टरपासून गळतंय.”

“असं? बोलली नाहीस.”

“मी टांगानिकाहून लिहायला हवं होतं.”

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. मासा छान झालाय म्हणाले आणि उठून अभ्यासिकेत गेले, दार लोटून घेतलं. मग ती टाकाची कुरकुर सुरू झाली. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मी ती ऐकत आले आहे. भिंतीपलीकडून ऐकताना मला वाटायचं, लिहीत असतील हिशेब, अहवाल, कुणाच्या बदल्या. त्यांची जाणारी पत्रं मी कधी वाचली नाहीत. येणारी मंडळीची असतात, जाणारी त्यांची. त्या दिवशी ताटं घासता घासता मला पहिल्यांदा कळलं की त्या भिंतीपलीकडे एक वेगळाच माणूस राहतो. तो विचारतो, सांगतो, आठवतो, कुणाचं मूल गेलं तर आपलं मूल काढून समोर ठेवतो. तो माणूस मला कधी भेटलेला नाही. माझ्या वाट्याला आला तो जेवणारा.

लुनेट आजारी पडली तेव्हा ते सेंट एलिझाबेथ परगण्याच्या डोंगरांतल्या मंडळ्यांच्या दौऱ्यावर होते. नदीला पूर, निरोप उशिरा पोचला, ते आले तेव्हा सगळं उरकायची वेळ झाली होती. दफनाची उपासना त्यांनी स्वतःच चालवली. आवाज एकदाही चिरकला नाही. लोक अजून सांगतात, काय खंबीर माणूस, काय विश्वास. मीच तो आवाज ऐकून ठरवलं होतं की यांना हे पेलत नाहीये, म्हणून घरात तिचा विषय नको. तिची बुटकी खुर्ची मी मुलांच्या शब्बाथशाळेला देऊन टाकली. तिचे कपडे बहिणीकडे पोचवले. त्यांच्यासाठी मी गप्प बसले. नवऱ्यासाठी गप्प बसणं म्हणजे केवढं मोठं प्रेम, असं मला वाटत आलं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. खोटं कशाला बोलू, बराच होता.

आणि लुनेट माझ्याजवळ आता फारशी उरलेली नाही. हे बोलायची चोरी, पण आहे हे असं आहे. पहिल्या वर्षी ती घरभर होती. मग एकेक गोष्ट वापरून वापरून विरत गेली, उशीच्या अभ्र्यासारखी, आणि आता मोजक्याच राहिल्यात. कोंबड्यांना ती स्तोत्रं शिकवायची. डाव्या हातानं जेवायची आणि मी चमचा काढून उजव्या हातात द्यायची. पावसात उघडं तोंड करून उभी राहायची. आणि शेवटचा दिवस. घसा पार मिटलेला, आवाज नाही, नुसती घरघर, आणि सारखं सारखं कपाळाला बोट लावायची. मी ओली पट्टी ठेवायची. ती पट्टी ओढून टाकायची आणि परत बोट लावायची. डोकं फुटत असेल बिचारीचं, असं म्हणून मी पुन्हा पट्टी ठेवायची. एवढीच शिदोरी, आणि ती मी जपून जपून खात आले. अशात कळतं की नवऱ्याकडे एक अख्खी दुपार होती. बंदर, बोट, टपाल, नळावर धुतलेलं कपाळ. माझ्या भीतीनं धुतलेलं! त्या दुपारी मी घरात होते, बहुधा इस्त्री करत होते, आणि ती ओल्या केसांनी आत आली असणार आणि मी विचारलंही असेल, कुठे भिजलीस गं. ती दुपार त्यांनी मला दिली नाही. जिनं लुनेटला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, त्या बाईला दिली, आणि ती आता उशाखाली घेऊन झोपते.

मी ओलिव्हचा मत्सर केला. मूल गेलेल्या बाईचा. देवासमोर गुडघे टेकून मी तिच्यासाठी प्रार्थना करायची, प्रभू, तिला सांत्वन दे, आणि आतून दुसरीच बाई म्हणायची, दिलंय ना, भरपूर दिलंय, माझ्याच घरातून गेलंय. मग हा मत्सर एका ओलिव्हवर थांबेना. अभ्यासिकेबाहेर जगाचा नकाशा आहे, त्यावर आमची माणसं जिथे जिथे आहेत तिथे टाचण्या. रोज सकाळी मी त्याच्यावरून फडकं मारते. आता मी टाचणी टाचणीपाशी थांबू लागले. नायजेरियातले टलक : यांना पायाच्या दुखण्यावर कुठलं तेल लावावं हे बिशपनं कळवलं होतं, टलकांनीच आभार मानले होते, मीच वाचलं होतं. माझे गुडघे कुणी विचारले? होंडुरासच्या किनाऱ्यावरच्या मिस गोबर्न : वाढदिवसाच्या शुभेच्छा वेळेवर पोचल्या. माझा वाढदिवस फेब्रुवारीत येतो आणि फेब्रुवारीत जातो. वर्षानुवर्षं मी हे सगळं सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचत होते आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं. टांगानिकावर मी फडकं इतकं घासलं की तिथलं मोठं तळं पुसट झालं.

व्हर्नीस आमच्याकडे ऑर्गन वाजवते. माझ्याबरोबरच शाळेत होती, त्यामुळे तिला माझी भीडभाड नाही. कोरोनेशन बाजारात भोपळे दाबून बघत होतो तेव्हा मी तिला सांगितलं.

“म्हणजे त्या पोरीवर तुझा संशय आहे?” तिनं भोपळा खाली ठेवला.

“छे! तसलं काही नाही.”

“मग?”

“सगळ्यांवरच आहे. टलकांवर, गोबर्नबाईंवर. सगळ्या टाचण्यांवर.”

व्हर्नीस इतकी हसली की भोपळेवाली बघायला लागली. “अगं बायका नवऱ्याच्या बाहेरच्या बाईवर जळतात. तू भूगोलावर जळतेस!”

“हस. तुझा आर्नल्ड तुझ्याशी भांडतो तरी.”

“भांडतो? काल तर परातच फेकली.” मग माझ्याकडे बघून तिचं हसू गेलं. “आयसी, त्याला विचार ना सरळ. एका छपराखाली राहता.”

“तीच तर अडचण आहे,” मी म्हटलं. “छपराखालच्या माणसांना ते लिहीत नाहीत.”

बोलून गेले आणि तिथेच ठरलं. माझी बहीण सिंथिया पोर्ट अँटोनियोला असते. तिला मी आठ महिने येते येते म्हणत होते. टांगानिका नाही तर पोर्ट अँटोनियो. मधे समुद्र नसेना, डोंगर तरी होते. मला दूर जायचं होतं. मला कुणीतरी पत्र लिहावं असं व्हायचं होतं. पन्नाशीच्या बाईनं असं काही मनात आणावं याची लाज वाटत होती आणि मी ट्रंक भरतच होते.

“लिहाल ना?” निघताना मी विचारलं.

“पोर्ट अँटोनियोला?” ते चष्मा पुसत होते. “सकाळच्या गाडीनं निघालं तर दुपारी माणूस पोचतो. लिहायचं काय त्यात? आणि मीही पश्चिमेच्या दौऱ्यावर निघतोयच.”

सिंथियाचं घर चढावर, खाली बंदर, केळ्यांच्या बोटी. पहिले दोन दिवस तिनं मला टपाल कचेरीत जाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा टपालाची चौकशी करायला उतार उतरून गेले आणि चढून आले, तेव्हा ती ओसरीवर शेंगा सोलत बसली होती.

“काय म्हणतोय टांगानिका?”

“व्हर्नीसनं लिहिलं वाटतं तुला.”

“तिनं लिहिलं. बघ, आम्ही बायका लिहितो. तुझा बिशप लिहीत नाही म्हणून तू त्या चढावर गुडघे फोडून घेतेस. बस इथे. तो मुळातच तसला आहे. लग्नाच्या दिवशीसुद्धा तुझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होता, मी तेव्हाच आईला म्हटलं होतं.”

“लिहितो तेव्हा तसला नसतो.”

“मग तूच लिही त्याला! माझ्याकडे कागद आहेत.”

दुसऱ्या दिवशी खरोखरच त्यांचं कार्ड आलं. ‘चादरींच्या कपाटाची किल्ली कुठे आहे? सिंथियाला सलाम. एल. डी.’ सिंथियानं ते माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट पाहिलं, जणू मागे आणखी काही असेल, आणि परत दिलं. तिनं चेष्टा केली नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी लिहायला बसले. सिंथियाचा मुलगा बर्मिंगहॅमला बस चालवतो, त्यामुळे तिच्या घरात कागद एकाच जातीचा : विमानटपालाचा, निळसर, पातळ, आणि लाल-निळ्या कडेची पाकिटं. आधी मी टिंगल म्हणूनच लिहू लागले, मिशनऱ्यांच्या थाटात. प्रिय बिशप, देवकृपेनं आम्ही इथे कुशल आहोत, इथले रहिवासी प्रेमळ आहेत पण टोमणे मारतात. किल्ली माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. मग टिंगल संपली. मी लिहिलं की मला ओलिव्हचा, टलकांचा, गोबर्नबाईंचा हेवा वाटतो. मी लिहिलं की एक दुपार तुम्ही माझ्यापासून चोरलीत आणि टांगानिकाला दान केलीत. तिला का सांगितलंत आणि मला का नाही, एवढंच मला कळवा, हवं तर चार ओळींत कळवा, पण त्याच माणसाच्या हातचं असू द्या. तीन पानं झाली. सही करताना काय करावं कळेना. ‘तुमची बायको’ लिहिलं. पाकीट चिकटवलं, वर ‘बिशप एल. डेकर्स’ आणि कार्यालयाचा पत्ता लिहिला, बाकीचे लिहितात तसा. तिकीट जिभेला लावून ओलं केलं, कोपऱ्यावर ठेवलं आणि अंगठ्यानं दाबलं.

अंगठा तिथेच राहिला. बाहेर बोटीवर केळी चढवणारी माणसं ओरडत होती. मी अंगठ्याकडे बघत होते आणि मला ते छोटं बोट दिसत होतं, पुन्हा पुन्हा कपाळावर जाणारं, आणि मी, ओली पट्टी घेऊन, ते बोट बाजूला करणारी. तिचं डोकं दुखत नव्हतं. तिला तिकीट हवं होतं. बाप दौऱ्यावर होता आणि तिला त्याच्याकडे जायचं होतं, आणि तिच्या मते जायची एकच रीत होती, ती तिला कुणी शिकवली होती ते मला कसं कळावं? त्यांनी ती दुपार मला आल्या दिवशीच सांगितली असती तर, किंवा मी त्यांना ते बोट सांगितलं असतं तर, आम्हाला सोळा वर्षांपूर्वीच कळलं असतं. सिंथिया आत आली तेव्हा मी जमिनीवर बसले होते. ती शेजारी येऊन बसली. मग मी पाकीट पुन्हा फोडलं, शेवटच्या पानाच्या पाठीवर काही ओळी लिहिल्या, दुसऱ्या पाकिटात घातलं आणि उतार उतरून टाकून आले.

शनिवारी घरी परतले. ते दौऱ्यावरून माझ्या दोन दिवस आधीच आले होते. पत्र केव्हाच पोचलं असणार. दारात त्यांनी माझी ट्रंक घेतली. “सिंथिया बरी आहे?” म्हणाले. बरी आहे म्हटलं. “किल्ली सापडली,” म्हणाले. किल्ली शिवणाच्या डब्यात होती, म्हणजे पत्र वाचलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. म्हणजे सगळं वाचून हा माणूस किल्लीवर बोलला. रात्र गेली, रविवार उजाडला. त्यांनी शेजाऱ्यावर प्रीती करण्यावर उपदेश केला, चांगला केला. दुपारी झोपले. संध्याकाळी अभ्यासिकेत गेले आणि टाकाची कुरकुर सुरू झाली, आणि मला वाटलं आत जावं, शाईची दौत उचलावी आणि त्या नकाशावर ओतावी, सगळ्या टाचण्या बुडवाव्यात. त्या बोटाबद्दल वाचूनही ते गप्प होते, हे मला कोणत्याच खान्यात बसवता येईना. हेवा करायलाही काही उरलं नव्हतं. हेवा करायचा तर निदान आपल्याला मिळू शकेल असं काहीतरी समोर लागतं.

सोमवारी मी निळा पोशाख घातला आणि टोपलीपाशी जाऊन उभी राहिले. कार्यालयात आलेलं टपाल ब्रदर फेसी लावतात : इथली पत्रं बिशपच्या मेजावर, परदेशची टोपलीत. नजर अधू झाल्यापासून ते तिकिटं वाचत नाहीत, पाकिटाची कडा बघतात. हे मला आठवलं ते चौथं पाकीट हातात आल्यावर. लाल-निळी कडा. त्यावर माझंच अक्षर.

पत्र त्यांना मिळालंच नव्हतं. किल्ली त्यांनी शोधून काढली होती, इतकंच. मी पाकिटाला धरून उभी राहिले, आणि पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं, पण नियम मला पाठ होता. पहिल्या शब्दापासून शेवटच्या आमेनपर्यंत. व्हर्नीसनं ऑर्गनमागून मान वर केली.

“वाचा, सिस्टर,” ब्रदर फेसी म्हणाले. “कुठलं आहे?”

“पोर्ट अँटोनियोचं.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. “तिथे कधी गेला आपला मिशनरी?” दुसरा म्हणाला, “तिथल्या लोकांना गरज आहे हो!” आणि मग सगळेच हसले. पहिल्या बाकावर यजमानांनी डोळे उघडले. त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पाकिटाकडे, आणि उठून मेजापाशी आले. पत्रांच्या सोमवारी ते कधी उठत नाहीत.

“कुणाचं आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

“माझं. तुम्हाला.”

त्यांनी हात पुढे केला. मी पाकीट सोडलं नाही, मग सोडलं.

“बिशप,” ब्रदर फेसी उभे राहिले, “टोपलीत आलं ते मंडळीचं. मी म्हणत नाही, नियम म्हणतो. आणि लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही, हा तुमचाच शब्द आहे.”

“होता,” ते म्हणाले. पाकीट त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि वर हात ठेवला. “ब्रदर फेसी, हे माझ्या बायकोनं मला लिहिलंय. तुम्हाला हा विषय वडीलमंडळात काढायचा असेल तर काढा.” मग माझ्याकडे वळले. “पुढचं वाच, आयसी.”

मंडळीसमोर मी नेहमी सिस्टर डेकर्स असते. मी पुढचं पाकीट फोडलं. त्यात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही, पण वाचलं मी, शेवटच्या बाकापर्यंत.

घरी आलो तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. ते अभ्यासिकेत गेले नाहीत. स्वयंपाकघरातल्या मेजापाशी खुर्ची ओढून बसले, पाकीट समोर ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं.

“वाच. तुला सवय आहे.”

“मला सवय आहे म्हणूनच नाही,” मी म्हटलं. “तुम्ही वाचा. मोठ्यानं.”

त्यांनी चष्मा लावला. इथले रहिवासी प्रेमळ आहेत पण टोमणे मारतात, इथे ते किंचित हसले. किल्ली शिवणाच्या डब्यात, इथे मान हलवली. हेव्याच्या परिच्छेदाला त्यांचा आवाज बसला, शाळेतल्या पोराला वर्गासमोर चूक वाचायला लावावी तसा, तरी त्यांनी एक शब्द गाळला नाही. ओलिव्हला का सांगितलंत आणि मला का नाही. तिथे ते थांबले आणि कागदावरची नजर न काढता म्हणाले, “तुला सांगितलं असतं तर तू माझ्यासमोर रडली असतीस. ती लांब होती. ती रडली असेल तर मला दिसलं नाही.”

“एवढंच?”

“एवढंच. मला वाटलं होतं, हा माझा धीर आहे.”

मलाही तसंच वाटलं होतं. त्यांनी शेवटचं पान संपवलं, तुमची बायको, आणि कागद खाली ठेवणार तेवढ्यात मागची शाई दिसली. त्यांनी पान उलटलं.

“शेवटच्या दिवशी तिला बोलता येत नव्हतं,” ते वाचू लागले. “ती सारखी कपाळाला बोट लावायची. मी पट्टी ठेवायची, ती काढून टाकायची. मला वाटलं डोकं दुखतंय. तुम्ही बंदरावरची गोष्ट मला कधी सांगितली नाहीत, म्हणून मला कळलं नाही. तिला तिकीट हवं होतं. तुम्ही दौऱ्यावर होतात आणि...”

पुढचा शब्द तिचं नाव होता. ते त्या शब्दापाशी बसून राहिले. मला वाटलं, पुरे, कागद घ्यावा काढून. इतकी वर्षं मी तेच तर करत आले होते.

“वाचा,” मी म्हटलं.

“आणि लुनेटला,” ते म्हणाले. मग दफनाच्या दिवशी न चिरकलेला तो आवाज चिरकला, आणि त्यांनी तिथूनच पुन्हा सुरुवात केली. “आणि लुनेटला तुमच्याकडे यायचं होतं.”

मी त्यांच्यासमोर रडले आणि त्यांना ते बघावं लागलं. त्यांचं रडणं मीही पाहिलं. नीरफणस तसाच ओट्यावर राहिला. बऱ्याच वेळानं त्यांनी चष्मा काढून मेजावर ठेवला.

“कुठल्या हातानं?” त्यांनी विचारलं.

“डाव्या.”

“डावखुरी होती.”

“हो. मी चमचा बदलायची.” मग मला राहवलं नाही. “ती डावखुरी होती हे ओलिव्हला कळवलंयत?”

“नाही.”

“कळवू नका,” मी म्हटलं.